मुखपृष्ठाचे छत्तीस तास

जून उजाडला की पुण्यातल्या चित्रकारांचे फोन वाजू लागतात. दिवाळी अंकांची जुळवाजुळव सुरू झालेली असते, दिवाळीपर्यंत बाजारात यायची पुस्तकंही रांगेत असतात. सदाशिव पेठेत दुसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत असाच फोन येतो. "ताई, कादंबरीचं मुखपृष्ठ करायचंय. मानधन नेहमीचंच धरू ना?"

खिडकीपाशी बसलेली चित्रकार लगेच हो म्हणत नाही. "काम काय आहे ते मेलवर पाठवा, संध्याकाळी दर कळवते," असं सांगून ती फोन ठेवते आणि टेबलाच्या खणातून शंभरपानी वही काढते. पंधरा वर्षं ती पुस्तकांची चित्रं काढते आहे. ही वही मात्र तीनच वर्षांची.

वहीत प्रत्येक कामाला एक पान. अर्धा तास झाला की पेन्सिलची एक रेघ. मागच्या वर्षीच्या एका मुखपृष्ठाचं पान ती उघडते: हस्तलिखित वाचायला 8 तास, चार रफ काढायला 7, फोन आणि मेल 3, फायनल चित्र 13, करेक्शन 5. एकूण 36. त्याचे मिळाले 6,000 रुपये, तेही पुस्तक छापून आल्यावर चार महिन्यांनी. म्हणजे तासाला 166 रुपये, आणि त्यातूनच कागद, रंग, वीज, ड्रॉइंग टॅब्लेटचा हप्ता.

शेजारच्या पानावर दुसरा हिशेब आहे. घर आणि काम मिळून तिला महिन्याला 45,000 रुपये लागतात. ती साधारण 160 तास टेबलाशी असते, पण त्यातले जेमतेम 90 तास पैसे देणाऱ्या कामाचे. उरलेले सराव, बिलं, बिलांची आठवण करून देणं आणि पुढचं काम शोधणं यांत जातात. 45 हजाराला 90 ने भागलं की तासाचा दर येतो 500. तेव्हा छत्तीस तासांच्या मुखपृष्ठाची किंमत 18,000.

चित्राचा दर मापावरही ठरतो. मकबूल फिदा हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंग रंगवत, तेव्हा चौरस फुटामागे काही आणे मिळत. भिंती रंगवणारे कलाकार आजही चौरस फुटानेच भाव सांगतात, आणि भिंतीला ते माप शोभतंही. मुखपृष्ठ मात्र वीतभर. त्यातला बराचसा वेळ कागदावर दिसतच नाही.

पण प्रकाशकाचीही एक बाजू आहे, आणि ती खरी आहे. आवृत्ती 500 प्रतींची. 18,000 रुपये मुखपृष्ठाला दिले तर प्रतीमागे 36 रुपये तिथेच गेले. छपाई, कागद, विक्रेत्याचं कमिशन, लेखकाचं मानधन अजून बाकीच. संध्याकाळी फोनवर प्रकाशक हेच सांगतो, आणि तिला ते पटतं. ती दर उतरवत नाही, काम उतरवते. संपूर्ण हस्तलिखिताऐवजी सारांश आणि तीन प्रकरणं, चाराऐवजी दोन रफ, करेक्शनची एकच फेरी. 24 तासांचं काम, 12,000 रुपये. पुस्तकाची पुढची आवृत्ती निघाली तर प्रत्येक वेळी 4,000. नुसतंच "जरा कमी करा ना" याला तिने हो म्हटलं असतं, तर तिचे तास तेवढेच राहिले असते.

मग ती एक पानाचं पत्र लिहिते. त्यात "मानधन" हा शब्द येत नाही, "शुल्क" येतो. मानधन म्हटलं की मागायला संकोच वाटतो आणि देणाऱ्यालाही ते उपकारासारखं वाटू लागतं, असं तिचं म्हणणं आहे. ते रास्तच आहे. प्रेसच्या बिलाला कुणी मानधन म्हणत नाही.

पत्रातली सर्वांत मोलाची ओळ हक्काची. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 17 सांगतं की मोबदला देऊन चित्र किंवा व्यक्तिचित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल, तर कॉपीराइटचा पहिला मालक काढून घेणारा ठरतो. ही गोष्ट कितीतरी चित्रकारांना ठाऊकच नसते. म्हणून ती स्पष्ट लिहिते: कॉपीराइट आणि मूळ चित्र चित्रकाराकडे, प्रकाशकाला फक्त या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापण्याची परवानगी. ऑडिओबुक, कॅलेंडर, टी-शर्ट यांचं वेगळं ठरेल. जिथे हक्क खरोखरच विकायचा असतो तिथे ती मुदत आणि प्रदेश लिहायला विसरत नाही. मुदत लिहिली नाही तर कलम 19 प्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर संपूर्ण भारत.

चित्रकार दीनानाथ दलालांनी 1945 मध्ये स्वतःचा 'दीपावली' हा अंक काढला. चित्रकारच अंकाचा धनी झाला. ते सगळ्यांना जमण्यासारखं नाही, एक पान लिहिणं मात्र जमण्यासारखं आहे.

पत्रात पुढे पैशांच्या अटी. निम्मे पैसे आधी. रफ पाहून काम रद्द केलं तर ते परत मिळत नाहीत. मंजुरीसाठी जाते ती लहान आकाराची, आडवं नाव टाकलेली प्रतिमा. छपाईची मोठी फाइल उरलेले पैसे जमा झाल्यावरच. या शेवटच्या अटीवर प्रकाशक दोन दिवस गप्प राहिला. त्या दोन दिवसांत तिने वहीत एकही रेघ ओढली नाही, रंगाच्या नळीला हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खात्यात 6,000 रुपये जमा झाले. तिने नवं पान उघडलं, वर कादंबरीचं नाव लिहिलं आणि सारांश वाचायला घेतला.