दोन फुटी समुद्रातली भानगडखोर मंडळी

‘फाइंडिंग निमो’ (2003) हा सिनेमा जीवशास्त्राच्या नियमाने चालला असता, तर पहिल्या दहा मिनिटांतच घोटाळा झाला असता. निमोची आई बाराकुडाच्या तोंडी जाते आणि बाप पोराला शोधत महासागर पालथा घालतो, इथवर ठीक. पण खऱ्या क्लाऊनफिशमध्ये मादी गेली की तिचा नरच हळूहळू मादी होतो, आणि खालचं सगळ्यात मोठं पिल्लू वयात येऊन तिचा नवरा होतं. पिक्सारने हे दाखवलं नाही ते बरंच केलं.

क्लाऊनफिश सगळे नर म्हणूनच वाढीला लागतात. त्यामुळे घरच्या टाकीसाठी मासे घेताना दुकानदाराकडे ‘नर-मादी जोडी द्या’ असा हट्ट धरायचं कारण नाही. दोन पिल्लं घ्या, एक जरा मोठं, एक लहान. थोरलं पुढे मादी होईल, धाकटं नर राहील. धाकटं मोठं हुशार असतं. वरचढाच्या डोळ्यात येऊ नये म्हणून ते स्वतःची वाढही आवरती घेतं, आणि बाईसाहेब जवळ आल्या की अंगभर थरथरून शरणचिठ्ठी देतं. हा प्रकार काचेला नाक लावून बघण्यासारखा आहे.

मीठ किती घालू?

दोन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच टाकीत साधारण 70 लिटर पाणी मावतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. म्हणजे अडीच किलोच्या आसपास मीठ लागणार. हे मीठ स्वयंपाकघरातलं नव्हे, खास सागरी टाक्यांसाठी मिळणारं. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम सगळं असतं. ते आरओच्या पाण्यात कालवायचं. ‘गिरगाव चौपाटीवरून दोन कॅन भरून आणू का?’ असा प्रश्न कुणीतरी विचारतंच. आणू नका. तिथे शहराचं सांडपाणी मिसळतं, आणि पावसाळ्यात तर खारटपणाचाही भरवसा नसतो.

खरी गंमत पुढे आहे. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. मिठागरं चालतात ती याच जोरावर. टाकीत पातळी उतरली की नवखा माणूस खारं पाणी ओततो आणि महिन्याभरात टाकीचं लोणचं करतो. पातळी भरून काढायची ती गोड्या पाण्याने.

मासा खाऱ्या पाण्यात राहतो म्हणजे त्याला तहान लागत नाही, असं समजू नका. उलट समुद्री मासा सतत पाणी पितो, कारण भोवतालचं खारं पाणी त्याच्या अंगातलं पाणी ओढून घेत असतं. जादा मीठ तो कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यातला मासा जवळजवळ पीतच नाही आणि लघवी मात्र भरपूर करतो. म्हणून खारटपणा रोज वरखाली झाला की बिचाऱ्याची सगळी ताकद हिशेब जुळवण्यातच जाते.

आधी विरजण, मग मासे

टाकी भरली त्याच दिवशी मासे सोडणं हा सगळ्यात महागडा उत्साह. माशांच्या शी-शूतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, ते दुसऱ्या जातीचे खाऊन नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडावाळूत वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात. विरजण लागायच्या आधी भांडं हलवलं तर दही होत नाही, तसंच इथे. या काळात घरचे विचारणार, ‘दिवे लावून रिकामं पाणी काय बघत बसतोस?’ ऐकून घ्यायचं.

पाणी खेळतं ठेवायला पंप आहे म्हणून निदान हात तरी मोकळे राहतात. 1846 मध्ये ॲना थिन या बाईंनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायची. प्रवाळ जगले. इतिहासात नाव मात्र मालकिणीचंच राहिलं.

आंधळी कोळंबी आणि तिचा राखणदार

क्लाऊनफिशची जोडी झाली की तिसरा पाहुणा म्हणून माझं मत पिवळ्या वॉचमन गोबीला. हा आपल्या खाडीतल्या निवटीच्या गोतावळ्यातला. त्याच्याबरोबर पिस्टल श्रिंप नावाची कोळंबी घ्यायलाच हवी, नाहीतर अर्धी मजा गेली. कोळंबीला धड दिसत नाही, पण ती बिळं खणण्यात पटाईत. गोबीला खणता येत नाही, पण नजर तीक्ष्ण. म्हणून दोघं एका बिळात राहतात. कोळंबी बुलडोझरगत वाळू ढकलत बाहेर येते तेव्हा तिची एक मिशी गोबीच्या अंगावर टेकलेली असते. धोका दिसला की गोबी शेपटी फडफडवतो, आणि बाई मागच्या पावली आत. फारच झालं तर गोबी डोकं खाली घालून स्वतःही बिळात उडी मारतो.

नावातलं पिस्तूल उगाच नाही. एक नांगी ती इतक्या वेगाने मिटते की पाण्यात पोकळ बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटताना क्षणभर सूर्याच्या पृष्ठभागाच्या जवळपास जाणारी उष्णता निर्माण होते. त्यातून बारीकशी प्रकाशाची ठिणगीही निघते, हे 2001 मध्ये प्रयोगात नोंदवलं गेलं. दुसऱ्या महायुद्धात या कोळंब्यांच्या थव्यांचा कडकडाट पाणबुड्यांचा आवाज टिपणाऱ्या यंत्रांना छळत होता. तुमच्या टाकीत ती रात्री दोनला ‘टक्’ करील, आणि काच तडकली असं वाटून तुम्ही धावत जाल. काच शाबूत असते.

घरात काय आणायचं नाही

समुद्रघोडा सुंदर, पण विसरा. 2001 पासून समुद्रघोडे आणि खडक बांधणारे प्रवाळ आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. किनाऱ्यावरून उचललेला मेलेला प्रवाळसुद्धा शोभेला ठेवता येत नाही. टाकीत दगड हवे तर कृत्रिम घ्या.

निमोच्या सिनेमातली निळी डोरी, म्हणजे ब्लू टँग, दुकानात बोटाएवढी दिसते आणि पुढे फूटभर होते. दोन फुटी टाकीत फूटभर मासा! डॅमसेल निळेशार, स्वस्त आणि भांडखोर. (क्लाऊनफिश त्यांच्याच कुळातले, म्हणून त्यांचाही स्वभाव फार गोड समजू नका.) निमोला सिनेमातल्यासारखं समुद्रफूल (सी ॲनिमोनी) हवंच असंही नाही. नव्या टाकीत ते टिकत नाही, भटकत जाऊन पंपात अडकतं, आणि निमो एखाद्या कोपऱ्यालाच घर मानून खुशाल राहतो.

क्लाऊनफिश घेताना पैदास केलेलाच मागा. तो टाकीतच जन्मलेला असतो, सुकं खाणंही झटकन घेतो. ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रात क्लाऊनफिशची पैदास केली जाते, म्हणजे गोष्ट फार दूरची नाही.

सफाई खातं

क्लीनर श्रिंप एकाच वेळी नरही असते आणि मादीही. कुठल्याही दोन आणा, जोडी जमली. ती कात टाकते तेव्हा मिशांसकट अख्खं कवच टाकीत पडलेलं दिसतं, आणि नवे मालक शोक करू लागतात. बाई मागच्या दगडाआड ठणठणीत असतात, नवं कवच घट्ट होईपर्यंत लपून.

नॅसेरियस जातीच्या गोगलगायी दिवसभर वाळूत गाडलेल्या. खाणं पडलं की सगळ्या एकदम सोंड वर काढून बाहेर येतात. शंखात राहणारे खेकडेही कामाचे, फक्त त्यांना जागेची हाव फार. मनासारखं घर मिळालं नाही तर ते गोगलगायीला मारून तिचा शंख बळकावतात. म्हणून दोन-चार मोठे रिकामे शंख टाकीत आधीच टाकून ठेवा. रंगवलेले, वार्निश मारलेले मात्र नकोत.