बोल फुटण्याची वाट पाहताना

घरात दोन वर्षांचे मूल आहे. तहान लागली की ते आईचा पदर धरून तिला माठापाशी ओढत नेते, माठाकडे बोट दाखवते आणि 'अं, अं' करते. आई ओळखते, पेला भरून देते आणि मूल पाणी पिऊन खेळायला पळते. या साऱ्या व्यवहारात शब्द असा एकही उच्चारला जात नाही. शेजारचे त्याच्याच वयाचे मूल मात्र 'आई, पाणी दे' म्हणू लागलेले असते. आजी धीर देतात, "याचा बापही तीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता." कोणी जिभेला वेखंड उगाळून लावायला सांगते, तर कोणी जिभेखालचा तंतू कापून घ्या म्हणते. हे घर बडोद्यात, इंदुरात किंवा हैदराबादेत असेल, तर आणखी एक सल्ला हमखास मिळतो : "घरात मराठी, बाहेर दुसरीच भाषा. मूल गोंधळणार नाही तर काय? मराठी बंद करा." इतक्या सल्ल्यांत आईबापांनी नेमके काय करावे?

मुळात बोलणे हे केवळ जिभेचे काम नव्हे. जीभ शेवटी येते. त्याआधी कान, नजर आणि मन यांची बरीच तयारी झालेली असते. मूल आईच्या आवाजाकडे वळते, तिच्या तोंडाकडे टक लावून पाहते, सहाव्या-सातव्या महिन्यानंतर 'बाबाबा', 'मामामा' अशी बडबड करू लागते. वर्षाच्या सुमारास ते बोट दाखवते, 'टाटा' करते, नावाने हाक मारली की मान वळवते आणि एखादा अर्थपूर्ण शब्द बोलते. दुसरे वर्ष पुरे होता होता सुमारे 50 शब्द आणि 'बाबा गेले', 'दूध दे' अशा दोन-दोन शब्दांच्या जोड्या बहुतेक मुलांच्या तोंडी येतात. मुलगे सरासरीने मुलींपेक्षा थोडे मागून बोलतात, हे खरे. पण तो फरक काही आठवड्यांचा किंवा महिन्यांचा असतो, वर्षांचा नव्हे. उशिरा बोलणारी पुष्कळ मुले पुढे इतरांना गाठतात, हेही खरे. परंतु आपले मूल त्यांपैकीच आहे, हे कोणालाही आधी छातीठोकपणे सांगता येत नाही. म्हणूनच केवळ वाट पाहत बसणे हा उपाय होऊ शकत नाही.

पहिली गोष्ट करावयाची ती कानांची तपासणी. "भांडे पडले की दचकतो, म्हणजे ऐकू येते," असे घरोघरी म्हटले जाते. हा समज फसवा आहे. भांड्याचा दणका ऐकू येणाऱ्या मुलाला 'स', 'श', 'फ' असे हलके ध्वनी ऐकू येत असतीलच असे नाही. आणि जो ध्वनी कानी पडत नाही, तो तोंडी येणार कसा? वारंवार सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचते आणि महिनोन्‌महिने त्यांना सारे बोलणे उशीखालून आल्यासारखे ऐकू येते. तपासणीला वयाची अट नाही. मूल झोपलेले असताना कानात बारीकशी नळी ठेवून अर्भकाचीसुद्धा श्रवणपरीक्षा होते. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात झालेला एक अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. बहिरेपण सहा महिन्यांच्या आत ओळखून ज्यांना मदत मिळाली, त्या मुलांची भाषा उशिरा निदान झालेल्या मुलांपेक्षा पुष्कळच चांगली वाढली, असे त्यात दिसून आले. भारतात 2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात बहिरेपण आणि भाषेतील विलंब या दोहोंचा समावेश आहे. मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आणि मुंबईत 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था या याच कामाला वाहिलेल्या संस्था आहेत.

आता दोन भाषांचा प्रश्न. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांना तो फार सतावतो. दोन भाषा कानी पडल्यामुळे मुलाचे बोलणे खुंटते, हा समज संशोधनाने खोटा ठरविला आहे. असे मूल 'पाणी' एका भाषेत आणि 'चेंडू' दुसऱ्या भाषेत म्हणेल. त्याच्या शब्दांची मोजदाद दोन्ही भाषा मिळून करावयाची असते. एका वाक्यात दोन भाषा मिसळल्या, तर तोही दोष नव्हे. उलट आईने आपली भाषा टाकून परक्या, अवघडलेल्या भाषेत बोलायला सुरुवात केली, की तिचे बोलणेच आटते. लाडाचे शब्द, रागावणे, गोष्टी, गाणी, सारे एकदम थांबते. आजी-आजोबा तर मुकेच होतात. ज्या मुलाला अधिक बोलणे ऐकायला हवे, त्याच्याच भोवती शांतता पसरते. भाषा कोणती, यापेक्षा ती मनमोकळी वाहते की नाही, हे महत्त्वाचे.

मग घरी करावे काय? यासाठी वेगळी शाळा मांडावी लागत नाही. अंघोळ, जेवण, कपडे वाळत घालणे, भाजी निवडणे, ही रोजची कामेच पुरेशी आहेत. मुलाच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीला बसावे आणि त्याचे लक्ष जिथे असेल तिथे आपले लक्ष न्यावे. ते खिडकीतल्या कावळ्याकडे पाहत असताना त्याला चित्रातला हत्ती दाखवू नये; "काऊ आला. काऊ बसला. गेला, भुर्र!" असे म्हणावे. वाक्ये लहान असावीत आणि तीच ती पुन्हा यावीत. 'चिऊचा घास, काऊचा घास' करीत भरविणाऱ्या आजीला हे शास्त्र कोणी शिकविले नव्हते. पण तेच शब्द, तोच ताल आणि पुढच्या घासाची उत्सुकता, एवढे सारे त्यात आपोआप येते.

दुसरे पथ्य थांबण्याचे. मोठी माणसे प्रश्न विचारतात आणि उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. लहान मुलाला ऐकलेले समजून घ्यायला आणि उत्तर जुळवायला वेळ लागतो. बोलून झाल्यावर मनात पाच ते दहा आकडे मोजावेत, मुलाकडे अपेक्षेने पाहावे. या थांबण्यात त्याने नजर वळविली, हात पुढे केला किंवा 'पा' एवढेच म्हटले, तरी ते उत्तरच मानावे.

तिसरे म्हणजे मुलाच्या शब्दात एका शब्दाची भर घालावी. ते 'दूद' म्हणाले, तर "दूद नव्हे, दूध म्हण" असे न टोकता, "हो, गरम दूध" म्हणावे. शुद्ध शब्द त्याच्या कानी पडतो आणि बोलल्याचा आनंदही हिरावला जात नाही. "म्हणून दाखव, मगच देईन" ही सक्ती तर कधीच करू नये. तहानलेल्या मुलाची परीक्षा घेतली, तर त्याच्या मनात शब्दाची गोडी राहत नाही, धास्ती बसते. त्यापेक्षा दोन्ही वस्तू समोर धरून "दूध हवे की पाणी?" असे विचारावे. पडद्यावरच्या चित्रांनाही आवर घालावा. मोबाइल अखंड बोलतो, पण मुलाच्या उत्तरासाठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये एक वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन वर्षांनंतरही तो दिवसात एका तासापलीकडे नसावा, असे सुचविले आहे.

वेखंडाने शब्द येत नाहीत. जिभेखालच्या तंतूमुळे क्वचित एखाद्या उच्चारास अडथळा येत असेल. पण मूल बोलतच नाही, याचे कारण तो नसतो. मात्र काही खुणा दिसल्यास विलंब लावू नये. वर्ष उलटूनही बडबड नाही, हाकेला ओ नाही, बोट दाखविणे नाही. सोळाव्या-अठराव्या महिन्यापर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांचे होऊनही दोन शब्दांची जोडी नाही. किंवा आलेले शब्द एकाएकी गेले, तर बालरोगतज्ज्ञ आणि वाचातज्ज्ञ यांना लवकर दाखवावे. घरचे प्रयत्न आणि तज्ज्ञांचे साहाय्य ही एकाच गाडीची दोन चाके आहेत. तसेच आईने नोकरी केली किंवा लाड केले म्हणून मूल बोलत नाही, असा दोष तिच्या माथी मारू नये. दोष शोधण्यात जाणारा वेळ मुलाचाच असतो.

आता ते मूल पुन्हा माठापाशी उभे आहे. आई या वेळी खाली बसते, पेला हातात धरते आणि म्हणते, "पाणी. थंड पाणी हवे?" आणि थांबते. मूल तिच्या तोंडाकडे पाहते. शब्द आज येईल किंवा येणार नाही. पाणी मात्र त्याला मिळतेच. उद्या माठापाशी पुन्हा तेच बोलणे होईल, परवाही होईल. आपल्यासाठी कोणीतरी थांबले आहे, हे मुलाला एकदा उमगले, की बोलावेसे वाटण्याचे निम्मे कारण त्याला मिळालेले असते.