नेत्रोपचार आणि विमा

पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांनी लखनौत मॅरिस संगीत महाविद्यालय सुरू झाले ते १९२६ हे साल मराठी वाचकाला परिचित आहे. त्याच वर्षी लखनौपासून सुमारे ८० किलोमीटरवर, सीतापूर जिल्ह्यातील खैराबाद या कसब्यात डॉ. महेश प्रसाद मेहरे यांनी नेत्रोपचाराचे एक लहानसे केंद्र सुरू केले, ही गोष्ट मात्र आपल्याकडे फारशी कोणाला ठाऊक नसते. हे रुग्णालय पुढे सीतापूर शहरात आले आणि उत्तर प्रदेशाच्या अनेक जिल्ह्यांत त्याच्या शाखा निघाल्या. अशा संस्था मुख्यतः देणग्यांवर चालत. दाता देणगी देऊन मोकळा होई; आलेल्या पैशातून कोणत्या रोग्यावर कोणता उपचार करावयाचा, हे डॉक्टर ठरवीत असे. विम्याच्या व्यवस्थेत ही स्थिती पालटते. येथे पैसे देणारा आपल्या अटी आधीच लिहून ठेवतो, आणि त्या अटींना अनुसरून दवाखान्याचे काम हळूहळू वळण घेते.

या बदलाची पहिली पायरी विम्याची नव्हे, तर सरकारी अनुदानाची होती. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यातून स्वयंसेवी रुग्णालयांना मोतीबिंदूच्या प्रत्येक शस्त्रक्रियेमागे ठराविक रक्कम मिळू लागली. ती कालांतराने ७५० रुपयांवरून १,००० आणि पुढे २,००० रुपयांपर्यंत वाढली. या पद्धतीस सबळ कारण होते. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातदेखील पन्नाशी ओलांडलेल्यांच्या अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे आलेले आढळले. मोतीबिंदू एका शस्त्रक्रियेने बरा होतो, आणि शस्त्रक्रिया मोजता येते. काचबिंदूचे तसे नाही. त्या रोग्याने आयुष्यभर थेंब घालावे लागतात व वरचेवर डोळ्यांतील दाब मोजून घ्यावा लागतो. यात मोजून दाखविण्यासारखे काही नसते. त्यामुळे मोजमापाच्या हिशेबात तो मागे पडतो.

आता विम्याकडे वळू. कर्मचारी राज्य विमा योजनेचा प्रारंभ २४ फेब्रुवारी १९५२ रोजी लखनौच्या शेजारच्या कानपुरात आणि दिल्लीत झाला. कानपूरच्या समारंभास पंतप्रधान पंडित नेहरू उपस्थित होते. ही योजना कारखान्यातील कामगारासाठी होती. इतरांसाठी सार्वजनिक क्षेत्रातील सर्वसाधारण विमा कंपन्यांनी १९८६ साली 'मेडिक्लेम' ही पॉलिसी आणली. तिचा पाया रुग्णालयात दाखल होणे हा होता, आणि चष्मा व कॉन्टॅक्ट लेन्स यांचा खर्च तिने स्पष्टपणे वगळला होता. यामागचे तर्कशास्त्र समजून घेणे आवश्यक आहे. विमा हा अनिश्चित संकटाचा उतरविला जातो. शंभर घरांपैकी एखाद्या घराला आग लागते, म्हणून शंभरांनी थोडेथोडे पैसे गोळा करण्यात अर्थ असतो. परंतु चाळिशीच्या सुमारास जवळचे अंधुक दिसू लागणे ही गोष्ट बहुतेक सर्वांच्याच वाट्यास येते. आपल्या भाषेने तर त्या वयाचेच नाव चष्म्याला देऊन त्याला 'चाळिशी' म्हटले आहे! जे संकट सर्वांवर यावयाचे, त्याचा हप्ता त्याच्या किंमतीहून कमी असू शकत नाही. म्हणून कंपनी त्यास हात लावीत नाही.

मोतीबिंदूही उतारवयात बहुतेकांना गाठतोच. परंतु त्याची शस्त्रक्रिया होते, म्हणून तो पॉलिसीत आला, मात्र अटींसह. पॉलिसी घेतल्यापासून सामान्यतः दोन वर्षे त्याचा खर्च मिळत नाही. २०२० साली सर्व कंपन्यांसाठी एकसारखी ठरविण्यात आलेली 'आरोग्य संजीवनी' ही पॉलिसी पाहा. तीत एका डोळ्यासाठी विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४० हजार रुपये, यांतील कमी असेल ती मर्यादा घातलेली आहे. म्हणजे एक लाखाच्या पॉलिसीवर २५ हजार मिळतील, तर पाच लाखांच्या पॉलिसीवर सव्वा लाख नव्हे, ४० हजारच.

या मर्यादेचा परिणाम रोग्यास शस्त्रक्रियेपूर्वीच जाणवतो. डोळ्यात बसवावयाची कृत्रिम भिंगे आज अनेक प्रकारची असतात. साधे भिंग एकाच अंतरावरचे स्पष्ट दाखविते. बहुकेंद्री भिंग दूरचे व जवळचे दोन्ही दाखविते, पण ते महाग असते. पॉलिसीची मर्यादा आणि रुग्णालयाचे देयक यांतील फरक रोग्याने भरावयाचा असतो. कोणते भिंग आपल्या डोळ्यास आवश्यक आहे आणि कोणते केवळ सोयीचे आहे, हे त्याला स्वतःला कळण्याचा मार्ग नसतो. सल्ला देणारा आणि भिंग बसविणारा एकच असतो. बहुतेक डॉक्टर हा सल्ला प्रामाणिकपणे देतात, असे मानावयास हरकत नाही. तरीही व्यवस्थेची रचना अशी आहे की, प्रामाणिकपणाची परीक्षा दररोज व्हावी.

डॉक्टरांचीही बाजू आहे. दर कंपनीने ठरवावयाचे, कागदपत्रे रुग्णालयाने जमवावयाची, आणि पैसे मात्र उशिरा यावयाचे, ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. मोठ्या रुग्णालयास हा विलंब सोसतो. एकट्या डॉक्टरच्या दवाखान्यास यंत्राचे हप्ते थांबवता येत नाहीत. कंपन्यांची तक्रार नेमकी उलट आहे. विमा आहे असे कळताच देयक फुगते, असे कारण देऊन चारही सार्वजनिक कंपन्यांनी जुलै २०१० मध्ये दिल्ली, मुंबई यांसारख्या शहरांतील अनेक खाजगी रुग्णालयांतील रोखरहित उपचारांची सोय बंद केली होती. पुढे ठराविक दर मान्य करणाऱ्या रुग्णालयांची यादी करून ती पुन्हा सुरू झाली. भांडण दोघांचे, आणि मधल्या काळात पैसे उभे करावे लागले ते रोग्याला. दृष्टिपटलाच्या विकारांसाठी डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांवरूनही असाच वाद होता. रोगी काही वेळातच घरी जातो, तेव्हा हा रुग्णालयीन उपचार नव्हे, असे कंपन्या म्हणत. २०१९ साली विमा नियामकाने अशी इंजेक्शने वगळता येणार नाहीत असे ठरविले. खर्चाला मर्यादा घालण्याची मुभा मात्र ठेवली.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेने पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण दिले. त्यात मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आहे, आणि रोग्याकडून काही घेता येत नाही. ज्याने पूर्वी शिबिराची वाट पाहिली असती, त्याला सूचीतील रुग्णालय निवडता येते, हा लाभ लहान नाही. बाह्यरुग्ण विभागातील तपासणी आणि चष्मा मात्र येथेही बाहेरच राहिले.

लखनौ शहराच्या दृष्टीने ही उणीव विशेष जाणवणारी आहे. जुन्या लखनौच्या गल्ल्यांत आणि भोवतालच्या खेड्यांत हजारो स्त्रिया घरी बसून चिकनचे भरतकाम करतात. मुर्रीचा टाका तांदळाच्या दाण्यासारखा, तर फंदा बाजरीच्या दाण्याएवढा. मजुरी नगावर मिळते. कारखाना नसल्यामुळे कर्मचारी विमा नाही. आयुष्मान कार्ड असले तरी ते शस्त्रक्रियेपुरते. चाळिशीत सुईचे नेढे दिसेनासे झाले की बारीक काम सोडून जाड्याभरड्या, कमी मजुरीच्या कामाकडे वळावे लागते. कानाकोपऱ्यातल्या दुकानातून मिळणारा तयार चष्मा या अडचणीवर बहुधा पुरेसा असतो. आसाममधील चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना जवळचा चष्मा देऊन पाहण्यात आला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांची पाने खुडण्याची क्षमता सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. कापसावर सुई चालविणारीला लाभ याहून कमी होईल, असे वाटत नाही.

चष्मा सर्वांना द्यावयाचा तर विमा हे त्याचे योग्य साधन आहे काय? ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू होताच चष्मे मोफत मिळू लागले. मागणी अंदाजाबाहेर गेली, आणि १९५१ साली शुल्क लावण्याचे ठरताच अन्युरिन बेव्हन यांनी मंत्रिपद सोडले. अमेरिकेत १९५५ साली कॅलिफोर्नियातील ऑक्लंड येथे दृष्टितपासनिसांनीच एकत्र येऊन वर्गणीची योजना काढली. अशा योजनांत सभासदास तपासणी आणि चौकटीसाठी ठराविक रक्कम मिळते. तपासनीस कमी शुल्क मान्य करतो आणि तूट चौकटींच्या विक्रीतून भरून काढू पाहतो. हा विमा कमी, आगाऊ भरलेली खरेदी अधिक. नगावर मजुरी घेणाऱ्या स्त्रीकडून अशी वर्गणी वसूल करण्यापेक्षा तिला चष्माच देणे स्वस्त पडेल, असे आम्हांस वाटते. अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांना आणि पुढे वृद्धांनाही मोफत चष्म्याची तरतूद झालीच आहे. चाळीस ते साठ या कमावत्या वयाचा विचार तीत व्हावयास हवा.

अडचण उरते ती तपासणीची. तयार चष्मा आरोग्यसेविकाही देऊ शकेल, परंतु काचबिंदू कोणतीही वेदना न देता वाढतो आणि तो डॉक्टरांनी पाहिल्यावाचून कळत नाही. त्यासाठी मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या रांगेत सकाळपासून उभे राहावे लागते. तेथील शुल्क नाममात्र असते. बुडते ती त्या दिवसाची मजुरी, आणि तिची भरपाई कोणत्याही कार्डावर मिळत नाही.