किल्ल्यातला वाढदिवस

लहान मुलाच्या वाढदिवसाचा खर्च एका आकड्यावर ठरतो: मुलं किती येणार. केक, खाऊ, टोप्या, रिटर्न गिफ्ट, सगळ्याला त्याच आकड्याने गुणायचं असतं. म्हणून माझी ताई सामानाच्या आधी मुलांची यादी करते. सोसायटीतली बारा, शाळेच्या रिक्षातली पाच, कॅरम खेळायला येणारी दोन, झाली एकोणीस. मग रेघ मारून ती त्यात पाच मिळवते. सोडायला आलेल्या आईच्या कडेवर एक असतं, हाताला धरलेलं एक असतं, आणि केक पाहिल्यावर त्यातलं एकही घरी जायला तयार होत नाही. उत्सवमूर्ती धरून पंचवीस.

भाच्याला सात वर्षं पूर्ण होणार होती. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला ताई राहते, तिकडे आता वाढदिवसाची पॅकेजं मिळतात. एकाने माणशी साडेसातशे सांगितले. त्यात फुग्यांची कमान, मागे फ्लेक्सचा पडदा, माइक हातात घेऊन मुलांना ओरडायला लावणारा एक दादा, नूडल्स आणि पिझ्झ्याचे तुकडे. ताईने पंचविसाने गुणलं, ‘कळवते’ म्हणाली आणि फोन ठेवला. ‘पावणेएकोणीस हजार! एवढ्यात याचं बारसं जेवणासकट झालं होतं.’

तिने स्वतःसाठी चार हजारांची मर्यादा घातली होती. मला ती कंजुषी वाटली नाही. या पॅकेजमधले बरेचसे पैसे फोटोसाठी असतात. ज्या कमानीचे सर्वांत जास्त मोजायचे, तिच्याकडेच पाठ करून मुलाला उभं करतात.

भाच्याची मागणी एकच होती, जेसीबी. रस्त्यात कुठे खोदकाम चालू असलं की हा मुलगा हलत नाही. (मोठी माणसं तरी कुठे हलतात? 2019 मध्ये त्यावरून देशभर विनोद फिरले होते.) जेसीबी थीमचं तयार सामान मिळतंच, पिवळे-काळे पडदे, टोप्या, केकवरचे कागदी झेंडे. पण ताईने कॅलेंडर बघितलं. वाढदिवस दिवाळीनंतर आठवड्याने येत होता. म्हणजे आकाशकंदील अजून उतरवलेला नसणार, दिव्यांच्या माळा गॅलरीतच असणार, आणि मुख्य म्हणजे जिन्याखालच्या मोकळ्या जागेत मुलांनी केलेला किल्ला तसाच उभा असणार.

त्या किल्ल्यावरून सेक्रेटरींची कटकट सुरू झालीच होती. दगड, विटांचे तुकडे, जुनी पोती, लाल माती. पेरलेले आळीव पिवळे पडायला लागले होते, भुयारात मांजर झोपत होतं. दरवर्षी तो ढिगारा उचलायचा कोणी यावर आठवडाभर चर्चा होते. जेसीबीवेड्या मुलाचा वाढदिवस आणि पाडायला झालेला किल्ला या दोन गोष्टी ताईने एकत्र जोडल्या, तिथेच कार्यक्रमाचा प्रश्न मिटला. माइकवाल्या दादाची गरज उरली नाही.

परवानग्या मात्र घ्याव्या लागल्या. किल्ला बांधणारी मुलं आठवी-नववीतली. त्यांनी अट घातली, मुख्य बुरुज आम्हीच पाडणार. ताईच्या सासूबाईंना ‘पाडणे’ हा शब्दच वाढदिवसाला नको होता. त्यांचं म्हणणं, आदल्या संध्याकाळीच महाराजांना हळदकुंकू वाहून मूर्ती घरात आणायची, मग खाली काय ते करा. तसंच झालं. महाराज, मावळे, तोफा आणि बाजारातली भाजीवाली पुसून, कागदात गुंडाळून पुढच्या वर्षीसाठी खोक्यात गेली. निमंत्रणात लिहिलं: ‘किल्ल्यात पुरलेला खजिना शोधायला या. जुने कपडे घालून या.’ हे दुसरं वाक्य पालकांना फार आवडलं.

खजिना पुरायला डब्या हव्या होत्या. दिवाळीतल्या टिकल्यांच्या रिकाम्या डब्या भाच्याकडे ढिगाने होत्या. त्या पुसून प्रत्येकीत एका आकड्याची चिठ्ठी घातली आणि वरून पिवळा घोटीव कागद चिकटवला. एका मुलाने एकच डबी काढायची. भेट जाताना, आकड्याप्रमाणे. खजिना थेट मातीत पुरला असता तर दांडगोबांना चार-चार आणि बुजऱ्यांना काहीच नाही, असं झालं असतं. चिठ्ठ्यांमुळे वाटणी आधीच झालेली होती, मुलांना फक्त ते कळायचं नव्हतं.

भेटी घ्यायला आम्ही अप्पा बळवंत चौकात गेलो. प्लास्टिकची खेळणी दुसऱ्या दिवशी मोडतात, कंपासपेट्या प्रत्येकाकडे तीन-तीन असतात. नॅशनल बुक ट्रस्ट आणि प्रथम बुक्सची पातळ चित्रपुस्तकं मराठीत मिळतात, किमती परवडणाऱ्या. ताईने शक्य तेवढी वेगवेगळी निवडली, म्हणजे मुलं आपापसांत बदलून वाचतील. बजेटमधला सर्वांत मोठा वाटा इथेच गेला.

तिथून बोहरी आळी. रविवार पेठेतल्या या बोळात वाढदिवसाचं सगळं सामान घाऊक मिळतं. पंचवीस फुगे मागितले तर दुकानदार वर बघत नाही, शंभराचं पाकीट पुढे सरकवतो. फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकचे चमचे आणि सजावटीचा थर्माकोल यांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. चमचे लाकडी घेतले, ताटल्यांऐवजी पानांचे द्रोण. ‘हॅपी बर्थडे’ची फॉइलची अक्षरं ताईने घेतलीच नाहीत. सोसायटीत त्यांचा एक संच घरोघर फिरत असतो. सध्या त्यातला एक ‘पी’ फुटलेला आहे, पण कोणाचं अडत नाही.

फुगे फुगवण्याचं काम मामाकडे, म्हणजे माझ्याकडे आलं. हातपंप असला तरी त्यात शिकण्यासारखं बरंच आहे. फुगा आधी दोन्ही हातांनी ताणून घ्यायचा. भरताना तो पेरूसारखा मानेकडे फुगायला लागला की जास्त झालं. थोडी हवा सोडून गोल करायचा, मग तो संध्याकाळपर्यंत टिकतो. दोन फुग्यांच्या शेपट्या एकमेकींना बांधायच्या. अशा दोन जोड्या मध्यावर पिळल्या की चार फुग्यांचा गुच्छ तयार होतो, वेगळी गाठ लागतच नाही. असे गुच्छ जाड दोऱ्यावर एकापुढे एक, थोडे फिरवत बसवत गेलं की पॅकेजवाल्यांची कमान तयार. मला कळेना, यात एवढं महाग काय आहे. पन्नासाव्या फुग्याला अंगठे दुखायला लागले तेव्हा कळलं. उन्हात मात्र ठेवायचे नाहीत, रबर धुरकट होतं आणि फुगे आपोआप फुटायला लागतात. गॅसच्या फुग्यांना ताईने साफ नकार दिला. हेलियम महाग, आणि रस्त्यावर मिळणाऱ्या फुग्यांत बऱ्याचदा हायड्रोजन असतो. पेटत्या दिव्याजवळ तो नकोच. त्याच कारणाने फेसाचे स्प्रेही नाहीत, त्यांतल्या अनेकांत पेट घेणारा वायू असतो.

केक घरचा. आठ इंची चौकोनी डबा, कोको घातलेला साधा केक, दोन थर. गोल केकचे त्रिकोणी तुकडे कधीच सारखे पडत नाहीत. चौकोनी केकला उभे पाच, आडवे पाच पट्टे पाडले की बरोबर पंचवीस. वर आयसिंगचं कसब नको होतं, कारण हवी होती माती. चॉकलेटची बिस्किटं लाटण्याने भरडून पसरली, एका कोपऱ्यात खड्डा पाडला आणि भाच्याचाच एक छोटा जेसीबी साबणाने घासून त्यात उभा केला.

खाण्यात भेळ. वेळ साडेचार ते साडेसहा ठेवण्याचं कारणच ते होतं: जेवण द्यावं लागत नाही. कुरमुरे, फरसाण, शेव, उकडलेले बटाटे, चिंच-खजुराचं पाणी, आणि दिवाळीचा उरलेला चिवडा. फराळ म्हणून त्या आठवड्यात कोणी चिवड्याकडे बघत नाही, भेळेत मात्र तो सगळा खपला. तिखट चटणी वेगळी. भेळ आधी कालवून ठेवायची नाही, द्रोण हातात दिल्यावर पाणी घालायचं. मुलं शेव वेचून खातात आणि उरलेलं आईकडे देतात, हे ताईने धरलेलंच होतं.

नोव्हेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यामुळे खोदकाम आधी. मोठ्या मुलांनी बुरुज पाडले, मग पाच-पाचांच्या टोळ्या घमेली घेऊन आत घुसल्या. पहिली काही मिनिटं खेळण्यातले जेसीबी चालले. मग चमचे. मग सरळ हात. आदल्या दिवशी ताईने मातीवर पाणी मारून ठेवलं होतं, धूळ उडू नये म्हणून. त्या ओलाव्याने पोत्याखालून एक गांडूळ निघालं आणि खजिना संपला! पंचवीस मुलं एका गांडुळाभोवती. कोणी त्याला द्रोणात घेतलं, कोणी त्याच्यासाठी माती आणली, एक मुलगी रडली, दोघांनी नाव ठेवण्यावरून भांडण केलं. एवढी एकाग्रता माइकवाल्या दादाला मिळाली नसती. डब्यांची आठवण आम्हालाच करून द्यावी लागली, आणि शेवटच्या चार डब्या मोठ्यांनी खुरप्याने उकरून काढल्या.

हात धुण्याला वेळ लागतो हे अशा कार्यक्रमात कोणीच धरत नाही. ताईने नळाजवळ दोन बादल्या, साबण आणि जुन्या ओढण्या तयार ठेवल्या होत्या. ती पंधरा मिनिटं नसती मोजली, तर केकच्या वरची माती बिस्किटांची आहे की खालची, हे सांगता आलं नसतं.

अंधार पडता पडता माळा लावल्या. आजींनी पाट मांडला, नातवाला कुंकू लावून अक्षता टाकल्या, सुपारी आणि अंगठी ओवाळली, मग निरांजन. दिवा विझवून वाढदिवस करणं त्यांना पटत नाही, म्हणून केकवर मेणबत्ती नव्हतीच. एक-दोन मुलांनी ‘फुंकायचं कधी?’ विचारलं, तोवर सुरी फिरली होती. भाच्याने पहिला तुकडा आजीला भरवला आणि दुसरा गांडुळाला देऊ का असं विचारलं.

साडेसहाला गेटपाशी पुस्तकं वाटून झाली. हिशेब तीन हजार सहाशेंवर थांबला. माती वॉचमनकाकांनी कुंड्यांसाठी मागून घेतली, दगड मोठ्या मुलांनी भिंतीशी रचले. सेक्रेटरी खूश होते. ढिगारा त्यांना आणखी एक शब्दही बोलावा न लागता हलला होता. पण त्याच रात्री ग्रुपवर तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा मेसेज आला. त्यांच्या मुलीचा वाढदिवस डिसेंबरात असतो, तर पुढच्या वर्षी किल्ला तोपर्यंत ठेवता येईल का? सेक्रेटरींनी मेसेज वाचलेला आहे. उत्तर अजून दिलेलं नाही.