ग्रीन कार्डवर नाव किंवा जन्मतारीख चुकली? आधी बघा, चूक नेमकी कोणाची

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातलं किन्हीराजा. अशा गावात जन्मलेली व्यक्ती अमेरिकेत स्थायिक होते, तोवर तिचं नाव कितीतरी ठिकाणी लिहिलं गेलेलं असतं: जन्मदाखला, शाळेचा दाखला, पासपोर्ट, व्हिसा आणि शेवटी ग्रीन कार्ड. यात कुठेही एक अक्षर चुकलं, की पुढे नोकरी, विमानप्रवास आणि नागरिकत्वाचा अर्ज अशा सगळ्याच ठिकाणी अडचण येऊ शकते.

चुका कुठे होतात?

पहिली जागा तारखेची. ०४/०७/१९८८ म्हणजे आपल्याकडे ४ जुलै, पण अमेरिकेत ७ एप्रिल. दुसरी जागा नावाची. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं. पासपोर्टमध्ये ते बहुतेकदा पहिल्या नावाच्याच रकान्यात जातं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर अमेरिकी व्हिसावर माणसाचं नावच आडनाव होतं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘पहिलं नाव अज्ञात’, असं छापलं जातं.

कार्ड आल्यावर काय तपासायचं?

नाव, जन्मतारीख, लिंग, जन्माचा देश, श्रेणी, मुदत आणि ‘रेसिडेंट सिन्स’ ही तारीख. शेवटची तारीख दुर्लक्षित राहते, पण नागरिकत्वासाठीची साधारण पाच वर्षं तिच्यापासूनच मोजली जातात. गावाचं नाव ग्रीन कार्डवर नसतं, फक्त देश असतो.

चूक सरकारी कार्यालयाची असेल तर

अर्जात माहिती बरोबर होती, पण कार्डवर चुकीची छापली गेली, तर ‘आय-९०’ हा फॉर्म भरायचा. त्यात ‘सरकारी चुकीमुळे कार्डवर चुकीची माहिती’ हे कारण निवडायचं. याला फी नाही. मात्र चुकीचं मूळ कार्ड परत द्यावं लागतं आणि खरी माहिती दाखवणारा पुरावा जोडावा लागतो. कार्ड देण्याआधी दोन्ही बाजूंची प्रत काढून ठेवावी.

चूक आपल्या अर्जातली असेल तर

फॉर्म तोच, पण फी भरावी लागते. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरपत्रकात ऑनलाइन अर्जाला ४१५ डॉलर आणि कागदी अर्जाला ४६५ डॉलर आहेत. अर्ज करण्यापूर्वी ‘यूएससीआयएस’च्या अधिकृत संकेतस्थळावर चालू दर पाहावा. फी वाचवण्यासाठी आपली चूक सरकारच्या माथी मारून उपयोग नाही, कारण मूळ अर्ज त्यांच्याकडे असतो.

मूळ चूक गावाच्या दाखल्यातच असेल तर

मग कार्डापासून नव्हे, दाखल्यापासून सुरुवात करावी लागते. ग्रामीण भागात जन्म-मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत होते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १५ नुसार निबंधक चुकीची नोंद दुरुस्त करू शकतो. मूळ नोंद खोडली जात नाही. समासात दुरुस्ती लिहून तारखेसह सही होते.

त्यानंतर पासपोर्ट. वाशिम जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाच्या अखत्यारीत येतो. परदेशात राहणाऱ्यांना हे काम तिथल्या भारतीय दूतावासामार्फत करता येतं. जन्मस्थळ भरताना एक काळजी घ्यावी: मालेगाव म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे नाशिक जिल्हा येतो, म्हणून जिल्हा वाशिमच निवडलाय ना, हे पुन्हा पाहावं. दाखला आणि पासपोर्ट जुळले, की मगच ‘आय-९०’.

मधल्या काळात कार्ड नसेल तर?

१८ वर्षं पूर्ण झालेल्या कायम रहिवाशाने वैध पुरावा कायम जवळ बाळगावा, असा अमेरिकेचा कायदा आहे. कार्ड परत दिलं असेल आणि प्रवास किंवा नोकरीसाठी पुरावा हवा असेल, तर ‘यूएससीआयएस’च्या संपर्क केंद्रातून वेळ घेऊन पासपोर्टवर ‘आय-५५१’ शिक्का मागता येतो. तो तात्पुरता पुरावा म्हणून चालतो.

कार्डाचं पाकीट उघडल्या दिवशीच पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर जुळवून घ्यावं. चूक विमानतळावर लक्षात आली, तर तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो.