केकवरचे साखरेचे हत्ती

माझा पहिला केक वाळूवर भाजलेला होता. साल १९८९. नवीन लग्न, टिळकवाडीतलं दोन खोल्यांचं भाड्याचं घर, ओव्हनचा प्रश्नच नव्हता. कुकरच्या तळाशी दोन बोटं वाळू पसरली, तिच्यावर ताटली पालथी घातली, ताटलीवर केकचं भांडं ठेवलं आणि झाकणाची शिटी-रिंग काढून तासभर वाट बघत बसले. केक वरून फिका, खालून काळा आणि मधोमध शिरा. ह्यांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, "अगं, कुंद्याच्या गावात राहतो आपण. हा उपद्‌व्याप कशाला?"

त्यांचं खोटं नव्हतं. ज्या बेळगावात कुंदा आणि मांडे, तासा-दीड तासावर गोकाकचं करदंट, तिथं मैद्याच्या वडीचं कौतुक कोण करणार? पण मला हौस केकची कमी आणि त्यावरच्या सजावटीची जास्त. कॅम्पातल्या बेकरीत काचेआड गुलाबी फुलांचे केक मांडलेले असत. बाजारातून परतताना मी पिशवी खाली ठेवून ती फुलं बघत उभी राहायची. हे तर आपल्यालाही जमेल, असं का वाटायचं ते पुढं लक्षात आलं. माझी आई निपाणीची. गल्लीत कुणाचंही लग्न निघालं की रुखवताच्या साखरेच्या कामाला तिला बोलावणं यायचं. साखरेचं तुळशीवृंदावन, डाळिंबाच्या आकाराचे लाडू, नखाएवढ्या करंज्या. संक्रांतीच्या आधी तर ती शेगडीपुढं आठ-आठ दिवस हलवा करत बसायची. मंद निखारा, परातीत तीळ आणि त्यावर चमचा-चमचा पाक. काटा फुटेपर्यंत बोटं भाजायची. करंजीची मुरड माझ्या हातात तिच्याकडूनच आली. क्रीमची पिशवी दाबून फूल काढायचं म्हणजे तरी दुसरं काय?

लेकीच्या पहिल्या वाढदिवसाला, १९९२ साली, काचेच्या झाकणाचा गोल अल्युमिनियमचा ओव्हन घरात आला. नोझल नव्हतीच. दुधाची रिकामी पिशवी धुऊन तिचा कोपरा कापायचा, त्यात क्रीम भरायचं. अजूनही घाई असली की मी तेच करते. खरं नोझल पाच-सहा वर्षांनी एका मैत्रिणीनं पुण्याहून आणून दिलं. गुलाबाच्या पाकळीचं, १०४ नंबरचं. ते आजही माझ्याकडं आहे, टोकाला थोडं चेपलेलं.

फजित्या म्हणाल तर हव्या तितक्या. मे महिन्यात एका मुंजीसाठी लोण्याच्या क्रीमचे एकवीस गुलाब काढले. सोलापूरच्या मानानं बेळगावचा मे सुसह्य, पण हे लोण्याला कोण सांगणार? पारा तिशीच्या वर गेला की ते मऊ पडतं. मांडवात पोचेपर्यंत सगळे गुलाब घसरून एका कडेला गोळा झाले होते. बटूच्या आजीनं विचारलं, "हे कमळ का गं?" मी "होय" म्हणून टाकलं. नंतर काही दिवस क्रीममध्ये अर्धं वनस्पती तूप घालत होते. फुलं ताठ उभी राहत, पण टाळूला मेणासारखं चिकटायचं. ते सोडलं. त्याहून वाईट आमचा जुलै. दहा-दहा दिवस ऊन नाही, भिंतीला ओल. साखर हवेतलं पाणी ओढून घेते, म्हणजे फॉन्डंटला, त्या लाटून केकवर चढवायच्या साखरेच्या कणकेला, घाम फुटणारच. पावसाळ्यात फॉन्डंटच्या केकला मी सरळ नाही म्हणते. ओळखीचे रुसतात, रुसोत.

आता मूळ गोष्टीकडं येते.

लेकीचं लग्न बैलहोंगलला झालं. घर कन्नड, माणसं मोकळी, जावईबापू तर मराठी माझ्यापेक्षा स्वच्छ बोलतात. फक्त त्या घरात अंड्याचं टरफलही येत नाही. नातीचा पहिला वाढदिवस रविवारी, १९ नोव्हेंबर २०२३ ला आला. केक आजीनंच करायचा, हे ती जन्मली त्या दिवशीच ठरलं होतं. "तत्ती हाकिल्लल्री?" विहीणबाईंनी दसऱ्यापासून तीनदा विचारलं होतं. अंडं नाही, अगदी शपथेवर, असं मी तिन्ही वेळा सांगितलं.

बिनअंड्याचा केक मला कधीच अवघड वाटला नाही. कंडेन्स्ड मिल्कचा एक डबा, पाव किलो मैदा, सव्वाशे ग्रॅम लोणी, दोन चमचे बेकिंग पावडर, एक चमचा सोडा, व्हॅनिला आणि सैल करायला पेलाभर साधं सोडावॉटर. शेवटी एक मोठा चमचा व्हिनेगर घालायचा आणि मग फोनसुद्धा घ्यायचा नाही, भांडं थेट तापलेल्या ओव्हनमध्ये. कारण सोडा आणि आंबट एकत्र आले की लगेच वायू सुटतो. त्याचे बुडबुडे पिठात अडकले तर केक फुलतो. तुम्ही गप्पा मारत बसलात की ते उडून जातात आणि हाती पाट येतो. एकशे ऐंशी डिग्रीवर चाळीस मिनिटं. बायकोला अंडं चालत नाही म्हणून बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या गृहस्थानं १८३७ साली बिनअंड्याचं कस्टर्ड शोधलं, आणि तिला यीस्टही सोसत नव्हतं म्हणून १८४३ साली बेकिंग पावडर. बायकोच्या पथ्यापायी एवढं करणारा नवरा! ह्यांना मी ही गोष्ट दोनदा ऐकवली आहे.

नातीसाठी हत्तींची वरात करायची ठरवली. फॉन्डंटचे सहा हत्ती, पाठीवर झुली, मध्ये अंबारी. शिवाय अक्षरं. अक्षरांवरून आधीच घरात चर्चा झाली होती. मराठीत लिहायचं की कन्नडमध्ये? आपल्या भागात दुकानाच्या पाटीवरून काय काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. लेक म्हणाली, "आई, इंग्लिशमध्ये लिही आणि मोकळी हो." ते मला पटेना. दोन्ही घरांपैकी एकाचीही नसलेली भाषा पोरीच्या पहिल्या केकवर कशाला? केक गोल करायचा आणि कडेनं फिरतं लिहायचं, असं शेवटी ठरवलं. अर्ध्या गोलात 'वाढदिवस', उरलेल्या अर्ध्यात 'हुट्टुहब्ब'. गोलाला वर-खाली नसतं.

कन्नड मला बोलता येतं, लिहिण्याची सवय नाही. शेजारची चौथीतली मुलगी माझी मास्तरीण. स्टीलच्या ताटावर क्रीमनं गिरवायचं, तिनं चूक काढायची, पुसून परत. देवनागरी काढताना शिरोरेघ मदतीला येते; खाली अक्षरं डगमगली तरी वरची रेघ सगळ्यांना सावरून धरते. कन्नडला ती सोय नाही, पण तिचे गोलवे क्रीमला फार मानवतात, हात न उचलता वळत जातात. अडचण खालच्या ओत्तक्षरांची. 'हुट्टुहब्ब' मध्ये ती दोन. माझी ओत्तक्षरं इतकी मोठी होत की मास्तरीण म्हणाली, "काकू, ही लोंबतायत."

शुक्रवारपर्यंत हत्ती वाळले. शनिवारी दुपारी केक भाजून झाला. झाकायची फॉन्डंटची पोळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून तयार. रात्री नऊला लेकीचा फोन आला आणि बोलता बोलता मी सांगितलं की या खेपेला फॉन्डंट घरीच मळलं, विकतचं महाग पडतं. तिनं विचारलं, "कशात मळलंस?" मी म्हटलं, "नेहमीचंच. पिठीसाखर, ग्लुकोज, ग्लिसरीन, जिलेटिन."

पलीकडं शांतता. मग ती म्हणाली, "आई, जिलेटिन कशापासून करतात?"

मला माहीत होतं हो. माहीत असणं आणि वेळेवर आठवणं यात फरक असतो. जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून करतात. माझ्या डोक्यात फक्त अंडं बसलं होतं. अंडं नाही म्हणजे शाकाहारी, संपलं. पुडी सुटी आणलेली, त्यावर ना हिरवा ठिपका ना तपकिरी.

लेक म्हणाली, "मी कुणाला बोलणार नाही. तू काय करायचं ते ठरव."

फोन ठेवला. मैत्रिणींनो, खोटं कशाला सांगू, अर्धा तास मी त्या हत्तींकडं बघत बसले होते. सहा संध्याकाळी गेल्या होत्या त्यात. सोंडेच्या सुरकुत्यासुद्धा काडीनं काढल्या होत्या. कुणाला कळणार होतं? चव नाही, वास नाही. एका हत्तीत असून असून किती असणार? ह्यांना विचारलं तर ते म्हणाले, "शपथ तू घेतलीस, मी नाही." ते वाक्य तेव्हा फार लागलं.

साडेनऊला मी विहीणबाईंना फोन लावला. मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सगळं सांगितलं. केकवर अजून काही चढवलेलं नाही, केक शुद्ध आहे, पण हत्ती आणता येणार नाहीत. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, आता म्हणणार की केकच नको. मग विचारलं, "पोळीला लागलेली भांडी वेगळी होती का?" परात आणि लाटणं दोन्ही केकच्या भांड्यांपासून वेगळं होतं. "मग केक तसाच घेऊन या," त्या म्हणाल्या. "लवकर या. पुढच्या आठवड्यात गौरी हुण्णिमे आहे, साचे माळ्यावरून काढलेलेच आहेत. आत्ता पाण्यात घालते."

सक्करी आरतीचे साचे! आपल्याकडच्या त्रिपुरी पौर्णिमेला त्यांच्याकडं गौरी हुण्णिमे. साखरेच्या बाहुल्या ताटात मांडून मुली गौरीची आरती करतात आणि ठरलेल्या सुनेच्या घरी सासरहून त्या पाठवतात. लेकीचं लग्न ठरल्यावर आमच्याकडंही आल्या होत्या. मी त्या शोकेसमध्ये ठेवल्या आणि मुंग्यांनी नेल्या.

रविवारी सकाळी आठला आम्ही बैलहोंगलात. केकचा डबा सगळा रस्ता माझ्या मांडीवर. "बर्री, बर्री," म्हणत विहीणबाई थेट स्वयंपाकघरात घेऊन गेल्या. लाकडी साचे बादलीत बुडवलेले, त्यांच्या सासूबाईंच्या वेळचे, कडा झिजलेले. हत्ती, मोर, पोपट, देऊळ. साचा रात्रभर भिजला नाही तर साखर लाकडाला धरते. पाक त्यांनीच केला. साखर बुडेल एवढं पाणी, उकळी आली की दूध घालून मळी काढायची, मग लिंबाचे चार थेंब. पाक दाट झाला की उतरवून घोटायचा, पांढुरका व्हायला लागला की क्षणही न दवडता साच्यात ओतायचा. साच्याचे भाग सुतळीनं बांधलेले. मी ओतलेला पहिला हत्ती बिनसोंडेचा निघाला. पाक कढईतच घट्ट झाला होता, टोकापर्यंत गेलाच नाही. दुसऱ्याला घाई झाली, आतून ओला राहिला. तिसऱ्या वेळी विहीणबाईंनी माझं मनगट धरून कढई कलती केली. "इष्ट," म्हणाल्या. एवढंच.

चार हत्ती, दोन मोर आणि एक देऊळ धड निघाले. पांढरेशुभ्र, फॉन्डंटच्या मानानं ओबडधोबड. पण भरीव साखरेचे हत्ती मऊ केकवर उभे राहीनात. पहिल्याचे पाय हळूहळू क्रीममध्ये रुतले. शेवटी प्रत्येकाच्या पायाखाली एक मारी बिस्कीट पुरलं. हा शोध जावईबापूंचा. क्रीममधल्या ओलीनं साखर पाझरायला नको म्हणून हत्ती अगदी कापायच्या वेळी चढवायचे ठरलं. तोवर मी कडेनं अक्षरं काढून घेतली. विहीणबाईंनी चष्मा लावून 'हुट्टुहब्ब' तपासलं, दुसऱ्या ओत्तक्षराला बोट लावून जरा आत ढकललं आणि बोट चाटून पुसलं. मग ताट फिरवून 'वाढदिवस' कडंही तितक्याच बारकाईनं बघितलं.

त्या दिवशी वर्ल्ड कपची फायनल. पुरुषमंडळी दुपारपासून टीव्हीपुढं. भारताचा डाव २४० वर आटोपला, चेहरे उतरले आणि तेवढ्या मधल्या वेळात आम्ही केक उरकला. दोन्हीकडची चाळीस-पन्नास माणसं. विहीणबाईंच्या थोरल्या जाऊबाई सहसा बाहेरचं काही तोंडात घालत नाहीत. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "येनेन हाकीरी?" मी एकेक जिन्नस सांगितला, सोड्यापासून व्हिनेगरपर्यंत. उत्तर संपायच्या आतच विहीणबाई म्हणाल्या, "सगळं माझ्यासमोर झालंय." केक तर बेळगावात झाला होता. मी काही बोलले नाही. जाऊबाईंनी तुकडा घेतला, खाल्ला आणि सुनेसाठी आणखी एक कागदात बांधून घेतला.

नातीनं केक खाल्लाच नाही. तिला हत्ती हवा होता. दोन्ही हातांत धरून ती त्याची सोंड चोखत बसली, रात्री झोपेपर्यंत. सकाळी बघितलं तर उशाशी बिनसोंडेचा हत्ती, अगदी मी ओतलेल्या पहिल्यासारखा.

निघताना विहीणबाईंनी पोपटाचा साचा माझ्या पिशवीत घातला. आता मी फॉन्डंट चायना ग्रासमध्ये मळते आणि कुणीही केक सांगितला की आधी त्यांच्या घरी काय चालत नाही ते विचारून वहीत लिहून घेते. पोपट मात्र अजून जमलेला नाही. दर वेळी चोच आतच राहते.