गाडीचे खाडे

आमच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कालनिर्णय असतं. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, भिशीचा दिवस, सगळं त्याच्यावरच. तुमच्याकडेही असंच असेल. २०१८ साली आमच्या कालनिर्णयावर आणखी एका खाड्याची भर पडली. गाडीच्या खाड्याची!

त्याचं झालं असं. आमच्या सासऱ्यांना, अण्णांना, आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी कल्याणला न्यावं लागायचं. आम्ही राहतो अंबरनाथला, बुवापाड्यात. तसं कल्याण म्हणजे लोकलने उल्हासनगर, विठ्ठलवाडी आणि तिसरं स्टेशन. पण सकाळची ती गर्दी आणि सत्तरी ओलांडलेले अण्णा! रोज कुणाला रिक्षासाठी पळवायचं? म्हणून पैसे जमवून एक जुनी डिझेल गाडी घेतली. नऊ वर्षं वापरलेली. आमचे हे एमआयडीसीत पहिल्या पाळीला, सहाच्या आत घर सोडणार. मग काय, पदर खोचला आणि गाडी शिकले.

गाडी तशी गुणी, पण लहरी. चार दिवस किल्ली फिरवली की लगेच चालू. पाचव्या दिवशी नुसतं घर्र-घर्र-घर्र, आणि पुढे काही नाही. वीस मिनिटांनी जणू काही झालंच नाही अशी चालू व्हायची. गॅरेजमध्ये न्यावी तर तिथे अगदी शहाण्या बाळासारखी वागणार.

गॅरेजवाला म्हणाला, बॅटरी गेली. साडेचार हजारांची नवी बॅटरी घातली. आठवड्याने पुन्हा तेच. मग म्हणाला, सेल्फ खराब. सेल्फ उघडला, कार्बन बदलले, अठराशे रुपये. दहा दिवस बरे गेले, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मी काही सांगायला गेले की म्हणायचा, "वहिनी, तुम्ही साहेबांना पाठवा."

आणि मग जुलैमधला तो शुक्रवार. गाडी चालू होईना. पाऊस धो धो, रिक्षा मिळेना. आमची वेळ चुकली. डायलिसिसचा एक वार चुकला की अंगात पाणी साठतं, ते फुप्फुसात उतरलं की दम लागतो. रात्री अण्णांना इतकी धाप लागली की झोपवतच नव्हतं. शेजारच्यांच्या गाडीतून इमर्जन्सीत नेलं. पहाटे जरा बरं वाटल्यावर अण्णा म्हणाले, "सूनबाई, माझ्यापायी गाडीत किती पैसे घालाल? राहू दे आता ते डायलिसिस." माझ्या पोटात गोळाच आला.

घरी आल्यावर कालनिर्णयासमोर उभी राहिले. म्हटलं, दूधवाल्याचा खाडा आपण चुकू देत नाही, मग गाडीचा का नाही लिहायचा? त्या दिवसापासून गाडी रुसली की तारखेवर फुली. शेजारी बारीक अक्षरात वेळ, टाकीत डिझेल किती, पाऊस होता का, गाडी कुठे लावली होती आणि आवाज कसा आला.

आवाज महत्त्वाचा, हे मला उल्हासनगरच्या एका पंप-नोझलवाल्या काकांनी शिकवलं. डिझेलचा पंप दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. ते म्हणाले, "बेटी, गाडी बोलते. आधी ऐकायचं, मग पाना उचलायचा." त्यांनी सांगितलेलं तुम्हालाही सांगते.

किल्ली फिरवल्यावर नुसतं टक-टक-टक वाजलं आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावले, तर बॅटरी उतरलेली किंवा तिचे टर्मिनल सैल, नाहीतर त्यावर पांढरी-हिरवी बुरशी धरलेली. दिवे लख्ख आणि एकदाच 'टक' होऊन शांत, तर सेल्फ किंवा त्याची वायर बघायची. सेल्फ रडत रडत फिरला, तर बॅटरी किंवा बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी. मीटर लावला तर पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ म्हणजे साधारण अर्धी. गाडी चालू असताना १४ च्या जवळपास हवं, नाहीतर चार्जिंगच होत नाही.

पण सेल्फ जोरात फिरतोय आणि तरी गाडी स्टार्ट घेत नाही, तर बॅटरीला दोष देऊ नका. डिझेल गाडीत पेट्रोलसारखा ठिणगीचा प्लग नसतो. इंजिन हवा इतकी दाबतं की ती तापून लाल होते म्हणा ना, आणि त्यात डिझेलचा फवारा पडला की तो आपोआप पेटतो. म्हणजे दोनच प्रश्न उरतात. पुरेशी उष्णता आहे का, आणि डिझेल पोहोचतंय का? थंडीत उष्णतेसाठी हीटर प्लग असतात, त्यांचा वेटोळ्याचा दिवा विझल्यावरच किल्ली पुढे फिरवायची.

आमची गाडी कायम जोरात फिरायची. म्हणजे साडेचार हजार आणि अठराशे, दोन्ही पाण्यातच गेले होते!

गणपतीपर्यंत नऊ फुल्या झाल्या. मग एक गंमत झाली. गल्लीत मंडप पडला, म्हणून दहा दिवस गाडी मैदानाजवळ सपाटीवर लावली. त्या दहा दिवसांत एकही फुली नाही! विसर्जन झालं, गाडी परत गल्लीतल्या चढावर, नाक वर करून उभी. चौथ्या दिवशी फुली. मी सगळी पानं काढून बसले, तर आणखी एक दिसलं. बहुतेक फुल्या वीस तारखेनंतरच्या. पगार झाला की आम्ही टाकी भरायचो, महिनाअखेर ती तळाला जायची.

ते कालनिर्णय पिशवीत घालून तशीच काकांकडे गेले. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं आणि हसलेच. "बेटी, आधं काम तू करून आणलंस. लाइन एअर धरतेय."

आमच्या गाडीच्या टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही. पुढचा पंप मागच्या टाकीतून डिझेल ओढून घेतो. कुठे बारीक फट असली की तिथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत ओढली जाते. म्हणून खाली डाग दिसत नाही. गाडी चढावर नाक वर करून, त्यात टाकी रिकामी, मग रात्रभरात पाइपातलं डिझेल हळूहळू मागे टाकीत उतरतं आणि जागा हवा घेते. सकाळी पंप हवाच ओढत बसतो. काकांनी फिल्टरच्या पुढे पारदर्शक पाइपचा तुकडा जोडला. सेल्फ मारला तर आत बुडबुडेच बुडबुडे! फिल्टरच्या तळाच्या पाणी काढायच्या स्क्रूचा रबरी वायसर कडक होऊन चिरला होता. वीस रुपयांचा वायसर आणि दोनशे मजुरी. त्यानंतर कालनिर्णयावर गाडीची फुली पडली नाही, आणि अण्णांचा वारही गाडीमुळे चुकला नाही.

दोन गोष्टी मात्र जपा. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून जास्त मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर चांगला सेल्फ जळतो. आणि नव्या कॉमन रेलच्या गाड्यांत इंजिनाकडे जाणारे पाइप घरी अजिबात सैल करू नका. त्यातला दाब इतका असतो की डिझेलची धार कातडीत घुसते.

बाईला गाडीतलं काय कळतं, असं कुणी म्हणालं की मी बेर्था बेंझची गोष्ट सांगते. १८८८ साली ही बाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्यानेच बनवलेल्या मोटारीतून मानहाइमहून फोर्झहाइमला माहेरी निघाली, शंभरेक किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने टोपीच्या पिनेने साफ केली. मोटारीचा तो जगातला पहिला लांबचा प्रवास मानतात. म्हणजे इंधनाच्या नळीची कटकट पहिल्यांदा सोडवली ती बाईनेच!

अण्णा २०२१ मध्ये गेले. शेवटच्या महिन्यांतही दर वारी सकाळी गाडीत बसताना विचारायचे, "सूनबाई, आज खाडा नाही ना?" मी किल्ली फिरवायची आणि म्हणायची, "नाही हो अण्णा."

ते २०१८ चं कालनिर्णय मी रद्दीत दिलेलं नाही. मैत्रिणींनो, तुमच्याही घरात एखादी गोष्ट अशी लहरीपणा करत असेल, मग ती गाडी असो, पाण्याची मोटर असो की कुणाचं दुखणं, तर नुसता त्रागा करू नका. तारीख घाला, लिहून ठेवा. आणि "साहेबांना पाठवा" म्हणणाऱ्यासमोर ते पान ठेवा.